अळणी

आकाराम दुकानांचे बोर्ड रंगवायचा. पट्टी न लावता ओढलेली त्याची रेघ बघायला माणसं सायकल थांबवायची. मग त्याचं डोकं फिरलं. झोप उडाली, रंकाळा तळ्याच्या काठावर उभा राहून दिवसभर भाषणं ठोकायला लागला, आणि एकदा तर धोंडुबाईला, सख्ख्या बायकोला, ओळखेना.

डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षांत माणूस ताळ्यावर आला, पण हात थरथरू लागला. तहान तर अशी की कळशी पुरेना. तोंड सुजलं आणि रेघ वाकडी झाली.

"शाना हून काय करू? रेघ गेली की," तो म्हणायचा. "गोळी नगं मला."

गोळी सुटली तर आपला माणूस पुन्हा हातचा जाणार, ही भीती धोंडुबाईच्या काळजात घर करून बसली होती. गोळीही हवी, हातही हवा. तेवढ्यात शिरोळची नणंद, आक्का, आली. फुकटचा सल्ला द्यायला पायपीट करणाऱ्यांपैकी ती.

"सूज हाय न्हवं? मीठ तोड. वाडीच्या दत्ताला नवस बोल, हात थांबूस्तवर अळणी धर."

धोंडुबाईनं धरलं. त्याला एकट्याला अळणी वाढणं जिवावर आलं, म्हणून स्वतःही तेच खाल्लं. आकाराम बिचारा निमूट गिळायचा. गोळीच्या वेळी मात्र ती पाणी घेऊन समोर उभी.

हात जास्तच हलू लागला. देव परीक्षा बघतोय, असं समजून तिनं लोणचंही बंद केलं. मग उलट्या झाल्या, जीभ अडखळली आणि एका सकाळी तो चुलीपाशीच कोसळला.

"मीठ कुणी तोडलं?" दवाखान्यात रक्त तपासून, खाण्यापिण्याची चौकशी करून डॉक्टरांनी विचारलं. "मीठ तुटलं की ही गोळी अंगात साठते. विष होतं तिचं. कुणी सांगितलं नव्हतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

"म्या तोडलं," धोंडुबाई म्हणाली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

जीव वाचला. पण चाल गेली, बोलणं बोबडं झालं आणि हात कायमचा गेला. आता ब्रश सोडाच, घाससुद्धा तोंडापर्यंत पोचत नव्हता.

घरी आल्यावर तिनं आमटीत मीठ घातलं आणि भात कालवून भरवला. आकारामनं घास घोळवला. किती दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

"मीठ हाय," तो जड जिभेनं म्हणाला. "नवस... फिटला व्हय?"

त्याचा हात तिच्या मांडीवर थडथडत होता. तिनं तो दाबून धरला.

"फिटला," ती म्हणाली आणि पुढचा घास उचलला.