काजरबेटावरची आमची खोली

मे महिन्यातली आमची खोली यांनी शेजारच्या तिवारींना देऊन टाकली. मला न विचारता, माझ्यासमोर, माझ्याच हातचा चहा पीत!

काजरबेट हे यांचं गाव. कोकणातलं इवलंसं बेट. आता तिथे घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या झाल्यात, आणि मे महिन्यात गावकरी स्वतः पडवीत झोपतात. पण माझे दीर, जगदीशभावजी, समुद्राकडची खोली दर वर्षी आमच्यासाठी राखून ठेवतात. यंदा तर जाणं भागच होतं. यांचं हृदय पार थकलंय. "जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, पुढचं मी सांगू शकत नाही," असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. मी बॅग भरून ठेवली होती.

आणि तिवारीजी येऊन बसले. नातीने समुद्र पाहिला नाही, कुठे जागा मिळत नाही, वगैरे. झालं! हे लगेच म्हणाले, "अरे, तो पहले आप हो आइए. हम जून में चले जाएँगे."

तिवारी गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. "लखनौत राहून राहून तुम्हाला हे पहले आपचं खूळ लागलंय. मरायच्या रांगेतही दुसऱ्याला पुढे कराल!" बोलून गेले आणि जीभ चावली. हे नुसते हसले. म्हणाले, "जूनमध्ये गर्दी नसते गं. निवांत राहू."

मी वऱ्हाडातली. समुद्र पाहिला तोच लग्नानंतर, आणि बेटावर गेले ती फक्त सुट्टीत. मला काय कळणार? बॅग तशीच पलंगाखाली सरकवली.

तिवारी बेटावर पोचले त्या दिवशी दुपारी मी भावजींना फोन लावला. म्हटलं, जूनचं आमचं पक्कं आहे, तेवढी खोली झाडून ठेवा.

"जूनमध्ये कशा याल, वहिनी? पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतो आम्ही. नारळी पौर्णिमेपर्यंत इकडे कोणी येत नाही की जात नाही. दादाला माहीत नाही होय? होड्या ओढायला तोच तर सगळ्यांच्या पुढे असायचा."

हे गॅलरीत बसले होते, कूलरसमोर. मी जाऊन उभी राहिले. "होड्या बंद असतात जूनमध्ये. माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"मग माझ्याशी खोटं का बोललात?"

यांनी हात लांबवून कूलर बंद केला. मग म्हणाले, "तिथे होडी लागायला धक्का नाही. कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागतं. मागच्या वर्षी जगदीशने आणि होडीवाल्याने मला उचलून आणलं, आठवतंय? पोत्यासारखं. ते पर्यटक मोबाइलवर शूटिंग करत होते. मला नाही जायचं तसं, मालिनी."

"मला सरळ सांगायचं होतं."

"तू ओढून नेलंच असतंस."

नेलंच असतं. मला राग आला, रडूही आलं. तेवढ्यात तिवारींचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याच खिडकीतून!

"देखिए गोपीनाथजी, आपका समंदर!" मागे नात आनंदाने किंचाळत होती.

"वाह, बहुत बढ़िया," हे म्हणाले. "ज़रा बाईं तरफ़ दिखाइए. हाँ, वो काली चट्टान. बिटिया को उसके आगे मत जाने दीजिएगा, वहाँ पानी खींचता है." त्या खडकाकडे ते बघतच राहिले. तिवारींनी फोन फिरवला, तरी यांची मान तशीच डावीकडे होती.

फोन बंद झाल्यावर म्हणाले, "बॅगेतले कपडे कपाटात ठेव आता."

मी बॅग ओढून काढली. माझ्या साड्या, यांचे लेंगे, औषधांचा डबा. आणि सगळ्यात तळाशी, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, यांची पोहायची जुनी चड्डी. ती मी भरली नव्हती.