कट्ट्यावर आढळलेले चार ज्येष्ठ नागरिक

शहराची खरी श्रीमंती त्याच्या मैदानांत असते. नगरपालिकेच्या क्रीडा अनुदान अहवालाची सुरुवात या वाक्याने होते आणि ते अत्यंत खरं आहे. सहा वर्षांपूर्वी ते लिहिलं गेलं, तेव्हापासून त्या अहवालात बदलावं असं काहीच कोणाला सापडलेलं नाही. बदलते ती फक्त तारीख.

ती बदलायचं काम बांधकाम विभागातल्या एका अभियंत्याकडे होतं. कचेरीत त्याला सगळे ‘पाहणीसाहेब’ म्हणत. सहा वर्षांत त्याने एकही पाहणी खुर्ची सोडून केली नव्हती, हे म्हणणाऱ्यांना ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच ते तसं म्हणत. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या चहाचाही मिंधा नव्हता. त्याला फक्त वेळ नसे, आणि गेल्या वर्षीचा अहवाल चांगला असे.

शहरात एक छोटा फुटबॉल क्लब होता. स्पर्धेत तो खालून दुसरा यायचा आणि आता त्या जागेवर रुळला होता. त्याच्या स्टेडियमला पालिका दरवर्षी अनुदान देई. अट एकच होती, मैदान रोज सकाळी दोन तास नागरिकांसाठी उघडं हवं. तसं ते असल्याचं पाहणीसाहेबांनी जाऊन पाहायचं आणि लिहायचं. त्यातलं लिहायचं काम चोख होई.

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याने तारीख बदलली आणि सही करायला पेन उघडलं. समोर बाबा बसले होते. बाबांनी छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा ते आधी दुरुस्त करत आणि मग औषध घेत.

“आण इकडे. नजर टाकतो.”

“त्यात काही नाही हो बाबा. दरवर्षीचंच आहे.”

“दरवर्षीच्यातच चुका राहतात.”

दुसऱ्या पानावर बाबांची पेन्सिल थांबली. त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी पूर्वेकडील दगडी कट्ट्यावर चार ज्येष्ठ नागरिक गप्पा मारत बसलेले आढळले.’ वा. कधी गेला होतास?”

“मागच्या आठवड्यात.”

“मागच्या आठवड्यात तर तुमची पाठ धरली होती,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. तिला वाटलं, आपण मदत करतोय.

बाबांनी चष्मा काढला. “चौघं म्हणजे मी, शिंपी, पोस्टमास्तर आणि तो बहिरा कंपाउंडर. आमच्याशिवाय त्या कट्ट्यावर कोणी बसत नसे. कट्टा दोन वर्षांपूर्वी पाडला. तिथे तुमच्या प्रेक्षकांच्या खुर्च्या आल्या आणि फाटकाला कुलूप लागलं. पोस्टमास्तर लेकीकडे गेला कायमचा. शिंपी गेल्या थंडीत वारला. अंत्यसंस्काराला तू होतास माझ्याबरोबर. तुला तो मागच्या आठवड्यात आढळला म्हणतोस, तब्येत बरी होती का?”

अभियंत्याने पेन मिटलं. “बाबा, ती कागदाची भाषा असते. कोणी वाचत नाही.”

“मी वाचलं की.”

“मग दोन वर्षांत एकदा तरी बोलायचंत.”

“मला वाटायचं, तुला माहीत आहे, पण तुझ्या हातात नाही. तुला माहीतच नाही, हे आज कळलं.” बाबा शांतपणे म्हणाले. “आमच्याकडे एक अक्षर चुकलं तर पुढच्या अंकात माफी छापायचो. तू चार माणसं चुकवलीस. मैदान उघडं आहे असं तू लिहितोस, म्हणून तर ते बंद ठेवता येतं. कुलूप क्लबचं असेल, पण किल्ली दरवर्षी तू फिरवतोस.”

बाबा रोज सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधून चाळीस फेऱ्या मारत. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला तेच आवडतं. एकदा तर त्याने त्यांना आपल्या स्कूटरला धक्का लागेल म्हणून जपून चालायला सांगितलं होतं. त्या दुपारी अहवाल सहीशिवायच टेबलावर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाबांना घेऊन मैदानावर गेला. फाटकाला वीतभर कुलूप होतं. आत पहारेकरी.

“पास?”

“मी पालिकेतून आलोय. पाहणी करायची आहे.”

“झाली की पाहणी. पाहणीसाहेब मागच्याच आठवड्यात येऊन गेले.” पहारेकऱ्याने गजांमधून वही दाखवली. क्लबच्या सेक्रेटरींच्या अक्षरात नोंद होती : ‘भेट दिली, समाधान व्यक्त केले.’

“तुम्ही बघितलंत त्यांना?” बाबांनी विचारलं.

“बघितलं म्हणजे? मोठा माणूस. गाडीतून खाली उतरत नाहीत.”

“दिसायला कसे आहेत?”

पहारेकऱ्याने अभियंत्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “यांच्यापेक्षा उंच.”

बाबा हसले आणि दम लागला म्हणून फाटकाबाहेरच्या फरशीच्या काठावर बसले. त्यांच्याकडे बघायचा अभियंत्याला धीर होईना. तो कुलुपाकडे बघत राहिला.

त्या दिवशी त्याने सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःची वाक्यं लिहिली. फाटक बंद. कट्टा नाही. ज्येष्ठ नागरिक एक, तोही बाहेर बसलेला. मागच्या सहा अहवालांपैकी एकाही वेळी खाली सही करणारा जागेवर गेलेला नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं. “अहो, क्लबचं राहू द्या, यात तुम्हीच अडकताय.”

“हो साहेब. सही माझीच आहे.”

त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. अनुदान अडलं. फाटक उघडल्याने गवत मरतं, असं दोन वर्षं सांगणाऱ्या सेक्रेटरींना पंधरवड्यात शोध लागला की माणसं चालली की गवत चांगलं वाढतं. कुलूप निघालं.

नागरिकहो, कुलपं लोखंडाची असतात असा आपला समज आहे. बरीचशी कागदाची असतात, आणि खाली सही आपल्यातल्याच कोणा सज्जनाची असते. न पाहता ‘पाहिलं’ असं लिहू नये. आणि पाहिलं असेल, तर दोन वर्षं पार्किंगमध्ये फेऱ्या मारत बसू नये. हे दुसरं वाक्य बाबांनी पेन्सिलीने घालायला लावलं.

पहिल्या सकाळी बाबा आणि बहिरा कंपाउंडर आत गेले. कट्टा नव्हताच. म्हणून ते नगरसेवकांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेत बसले. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं.

“गोल कुठाय?” कंपाउंडर ओरडला.

बाबांनी डावीकडे वाकून पाहिलं, मग उजवीकडे. पहिल्या रांगेच्या बरोबर समोर छपराचा खांब होता. दोन वर्षांत तिथे कोणी बसलंच नव्हतं, त्यामुळे ते कोणाला कळलं नव्हतं. त्या बांधकामाच्या नकाशावर ‘प्रत्यक्ष जागा पाहून मंजूर’ असा शेरा आहे. खाली सही कोणाची, हे बाबांनी विचारलं नाही. शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा आपल्या बुटांकडे बघत होता.

खांब अजून तिथेच आहे.