राजीनाम्याच्या दिवशीची तालीम

गॉडफ्रे सर वसईच्या एका कॉलेजात नाट्यशास्त्र शिकवायला आले ते दोन नाटकांमधल्या रिकाम्या वेळात. पहिलं नाटक बंद पडलं होतं आणि दुसरं यायचं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात त्यांनी मालिकांमध्ये डॉक्टर केला, वकील केला, आणि एकदा शवपेटीतला माणूस केला. त्या भागानंतरच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर शेजारच्या बॅप्टिस्टकाकांनी त्यांना बाजूला घेतलं.

"बरा झोपला होतास. पण पापणी हलली तुझी."

दुसरं नाटक आलं ते या सोमवारी. निर्माते सुधाकर यांचा फोन होता. मुख्य भूमिका, राज्यभर दौरा, संध्याकाळपर्यंत कळवा. सरांनी लगेच राजीनामा लिहिला आणि प्राचार्या सुमेधाबाईंपुढे ठेवला.

बाईंनी तो न वाचताच पेपरवेटखाली सरकवला. "माझी काही हरकत नाही. फक्त एकांकिका स्पर्धा तोंडावर आलीय, तेव्हा मुलांना तुम्हीच सांगा. मला असली कामं जमत नाहीत."

सरांना हे सोपं वाटलं.

तालमीच्या हॉलमध्ये ते म्हणाले, "मी कॉलेज सोडतोय." आणि अख्खा संच रडायला लागला. ग्लिसरीनशिवाय रडायला या मुलांना सरांनीच शिकवलं होतं. त्यामुळे यातलं खरं किती, हे ओळखायची सोय त्यांनी स्वतःपुरतीही ठेवली नव्हती. विघ्नेशने तर गुडघेच टेकले.

"गुडघे नकोत रे," सर सवयीने म्हणाले. "आधी श्वास अडकू दे, मग रड."

विघ्नेश उठला, श्वास अडकवला आणि पुन्हा रडला. या खेपेला सरांनीच खिशातून रुमाल काढला.

रडत नव्हती ती एकटी ज्ञानदा. कपड्यांची पेटी आवरता आवरता ती म्हणाली, "सर, खरंच जा तुम्ही. आम्ही करू मॅनेज."

"दिग्दर्शन कोण बघणार?"

"विघ्नेश. तो शेवट बदलतोय."

"शेवटाला काय झालंय?"

"शेवटी सगळे नाचतात, सर," विघ्नेश नाक पुसत म्हणाला. "मेलेली आईपण."

सर व्हरांड्यात गेले आणि त्यांनी फोन लावला. "सुधाकरराव, या वेळी नाही जमणार." मग आग्रहासाठी थोडी जागा सोडून ते थांबले.

"काहीच हरकत नाही," सुधाकर म्हणाले. "एक जण समोरच बसलेत. विरारच्या कॉलेजात नाटक शिकवतात, तुमच्यासारखेच. सकाळीच राजीनामा देऊन आले. तुमचं काय ते कळेपर्यंत चहा पाजत होतो."

आत येऊन सरांनी हे जसंच्या तसं सांगितलं. आपण राहतोय, हे सांगायची गरज पडली नाही. मग विघ्नेशच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे विरारवाल्यांना यंदा सरच नाहीत? अरे, मग करंडक आपलाच."

कुणीतरी शिट्टी मारली. रडणं केव्हाच थांबलं होतं. सरांनाही मनापासून आनंद झाला. हातचं नाटक जाऊनही तो झाला आहे हे लक्षात आल्यावर ते जवळच्या खुर्चीत बसले, आणि मुलं आपापल्या जागा घेऊन ते उठायची वाट बघत राहिली.