शिक्क्याखाली झाकलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली उलटी अक्षरं: 'तपासले, तंदुरुस्त'. माझी कहाणी ऐकून तुम्हाला राग येईल. यायलाच हवा.

एका अरुंद गल्लीतल्या कारागिराने मला बनवलं. तेव्हा डॉक्टरांचा दवाखाना नवा होता. खेळाडू मुलं आली की ते छातीला नळी लावत, नाडी बघत, घरच्यांची खोदून खोदून चौकशी करत आणि मग कुठे माझी पाळी येई. लोक म्हणत, "या दवाखान्याचा शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" खोटं कशाला बोलू, मी अगदी हवेत असे.

पुढे गर्दी वाढली. शाळांकडून फॉर्मांचे गठ्ठे येऊ लागले. कंपाउंडर काकांनी शक्कल लढवली: कोऱ्या फॉर्मवर आधीच शिक्के मारून ठेवायचे. दुपारचं जेवण झालं की ते गठ्ठा पुढ्यात घेत आणि मला धपाधप आपटत. मी कुठे पडतोय, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. फॉर्मवर एक प्रश्न छापलेला होता: 'कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का?' बहुतेक वेळा मी नेमका त्याच्यावरच पडायचो.

एकदा एक आई मुलीला घेऊन आली. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिला साधं चालताना कुणी पाहिलंच नव्हतं. चार दिवसांनी तिची मोठी शर्यत होती.

"डॉक्टर, हल्ली धावताना हिला अंधारी येते. परवा तर मैदानावरच पडली."

"उपाशीपोटी धावत असेल. नीट खाऊ घाला," डॉक्टर मानही वर न करता म्हणाले.

"अहो, पण मी चांगली दाबून जेवते!" भिंगरी म्हणाली.

आईने फॉर्म पुढे केला. "इथे काय विचारलंय? शिक्क्यामुळे वाचताच येत नाही."

"ते राहू द्या हो. सही केलीये मी."

छातीला नळी लागलीच नाही. भिंगरी उड्या मारत बाहेर पडली. मी टेबलावरच होतो. ओरडायला तोंड असतं तर!

शर्यतीच्या तिसऱ्या फेरीला ती कोसळली. पुन्हा उठली नाही.

दोन महिन्यांनी आई परत आली. सोबत धाकटी मुलगी होती आणि हातात मोठ्या इस्पितळाची फाईल. ती रडली नाही, शांतपणे बोलली, आणि तेच जास्त झोंबलं.

"हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आहे. घराण्यात उतरतो म्हणे. या पोरींचे बाबा पस्तिशीत जिना चढताना गेले, आम्ही झटका समजून गप्प बसलो. आता हिच्या हृदयाचा आलेख काढला, तर रेघा भलत्याच. मग सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवलं, तेव्हा पडद्यावर हृदयाची जाड भिंत स्पष्ट दिसली. दुखलं नाही, खुपलं नाही. अर्धा तास लागला, डॉक्टर. हिला औषधं सुरू झालीत, शर्यती बंद. ही वाचेल म्हणतात. माझ्या भिंगरीसाठी तुमच्याकडे अर्धा तास नव्हता."

डॉक्टर म्हणाले, "बाबांचं तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

आईने फाईल मिटली. "विचारलं होतंत?"

पुढे काय झालं म्हणता? काही नाही. माझ्या जागी स्वतःचीच शाई असलेला नवा शिक्का आला. तो माझ्याहून भराभर चालतो. मी खणात पडून आहे, आणि माझी तीच लायकी.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवर विसंबू नका. धावताना अंधारी आली, छातीत दुखलं किंवा भलतंच धडधडलं, तर तिथल्या तिथे थांबा आणि मोठ्यांना सांगा. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही सांगा, कुणी विचारो न विचारो. 'काही नाही होत' म्हणून घालवून देऊ लागले, तर दारातच ठाण मांडा.

काका परवा कुणाला तरी सांगत होते, ती आई अजूनही स्वतःलाच दोष देते. डॉक्टर देत नाहीत.