कैदेतला होकार

बायकांच्या तुरुंगात ती पोरगी जन्मापासून होती. सगळ्या तिला चिमणी म्हणत. सकाळी पहारेकरीण बाई हजेरी घ्यायला आली की चिमणी तिचं बोट धरून पुढे चालायची आणि शेवटी ठसक्यात सांगायची, "सगळ्या हजर! पळाली नाही कुणी!" कैदी बायकासुद्धा हसायच्या.

बाईला मूलबाळ नव्हतं. चिमणी "मावशी" म्हणून गळ्यात पडली की तिला दिवसभर दुसरं काही लागत नसे. पण सहा वर्षांपुढचं मूल तुरुंगात ठेवत नसत. चिमणीची वेळ भरत आली आणि आईची शिक्षा तर अजून अर्धीही सरली नव्हती.

एका दुपारी धुण्याच्या हौदापाशी आईने बाईचे पाय धरले. "बालगृहात नको हो टाकू देऊ. तुम्ही न्या तिला. कायमची देते. तुमची म्हणून वाढवा."

बाईला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो सायकली दुरुस्त करायचा. हातचं काम टाकून तो उठलाच. "अगं, मग घोडं अडलंय कुठे?" रविवारी त्याने माळ्यावरची जुनी फळकुटं काढून छोटी खाट ठोकायला घेतली.

 दुसऱ्या दिवशी तुरुंगात नळावर भांडण झालं. चिमणीच्या आईला एकीने ढकललं होतं. चूक तिची नव्हतीच. तरी बाई दिसताच तिने हात जोडले. "माझंच चुकलं, बाई. तुम्ही म्हणाल तसं." हे "तुम्ही म्हणाल तसं" बाईने आजवर कितीदा ऐकलं असेल! त्या दिवशी ते तिला टोचलं.

तिने आईला बाजूला घेतलं. "खरं सांग. मी इथे पहाऱ्याला नसते, बाहेरची कुणी असते, तर दिली असतीस पोरगी?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "पोटचा गोळा कोण देतं, बाई? पण तुम्ही घेतलीत तर मला इथे कुणी त्रास देणार नाही. आणि ती अधूनमधून दिसेल तरी."

बाई तडक अधीक्षकांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "नेऊन टाक. मी सांभाळून घेते. पोरीचं भलंच होईल."

"होईलही, मॅडम. पण तिच्या आईला मला नाही म्हणता येत नाही. अशा बाईकडून मूल घेऊ कसं? तिला आईच्या नावावरच राहू द्या. दर महिन्याला भेटीला आणायची सोय तेवढी करा. आणि मला बाहेरच्या दारावर टाका."

चिमणी बालगृहात गेली त्या सकाळी ती बाईच्या कमरेला अशी बिलगली, की दोघी पहारेकरणींनी मिळून सोडवावी लागली. आई गजांआडून ओरडली, "वांझ ती वांझच! तुला काय कळणार लेकराचं!"  घरी नवऱ्याने अर्धवट खाट मोडली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खिळे उपसत बसला.

ठरल्याप्रमाणे बालगृहाची गाडी महिन्याच्या महिन्याला येऊ लागली. आत मायलेकी भेटत, बाई बाहेर दारावर उभी असे. पहिल्या खेपेला चिमणी तिच्याकडे धावत आली. दुसऱ्या खेपेला नुसती हसली. पुढे बाईची बदली झाली. चार-पाच वर्षांनी ती परत त्याच दारावर आली, तेव्हा गाडीतून एक उंच झालेली, दोन वेण्यांची मुलगी उतरली.

"बाई, भेटीची खोली कुठल्या बाजूला?" तिने अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं.

"डावीकडे, बाळा. आई वाट बघतेय," बाईने सांगितलं आणि दार उघडलं.