ओरेस्तेची शाबासकी

ओरेस्तेनं हॅमचा गोळा यंत्रावर चढवला आणि मान खाली घालून काप काढायला घेतले. काउंटरपलीकडे एर्सिलियाबाई हातमोजे काढून उभ्या होत्या. काप पडत होते आणि ओरेस्ते चकार शब्द बोलत नव्हता.

हे नवलच होतं. आमच्या पार्मा शहरात ऑपेरा गाणाऱ्यांना थिएटरातल्या खालच्या मखमली खुर्च्यांची भीती नसते. भीती असते ती छताला टेकलेल्या स्वस्त गॅलरीची, आणि त्या गॅलरीत ओरेस्तेचा शब्द शेवटचा. एर्सिलियाबाई तरुण गायिका असताना त्यानं भर ऑपेरात शिट्टी वाजवून त्यांच्या गाण्याची हुर्यो उडवली होती. दुसऱ्या दिवशी बाई तरातरा याच दुकानात आल्या होत्या, भांडायला.

"सूर उतरला होता," तो म्हणाला होता. "त्याला मी काय करू?"

बाईंनी घरी जाऊन पियानोवर ताडून पाहिलं. मेल्याचं खरं होतं! तेव्हापासून पार्मात गायल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हॅम घ्यायला इथंच यायच्या. मिलान गाजवलं, व्हिएन्ना गाजवलं, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, तरी ओरेस्तेची बोलणी खाल्ल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. श्वास चोरलात, शब्द गिळलेत, तिसऱ्या अंकात डुलकी लागली होती का, असं दरवेळी काहीतरी निघायचंच. बाई चिडायच्या आणि घरी जाऊन तेवढीच ओळ घोटत बसायच्या.

आज तर त्यांना ती बोलणी हवीच होती. थिएटरवाल्यांनी पुढच्या हिवाळ्यासाठी मोठी भूमिका देऊ केली होती आणि दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. बाईंची साठी उलटली होती. काल शेवटच्या उंच सुरावर घशातून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं होतं. टाळ्या थांबता थांबत नव्हत्या, पण टाळ्यांचं काय घेऊन बसलात! ओरेस्तेनं चूक काढली, तर ती सुधारण्याइतका आवाज अजून शिल्लक आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"बोला की," शेवटी त्याच म्हणाल्या. "जीभ काल वर गॅलरीतच विसरलात का?"

"छान झालं, बाई."

"काय?"

"छान झालं म्हणतोय. सुरेख." तो तराजूकडे बघत म्हणाला.

गल्ल्यावर बसलेली त्याची बायको झेलिंदा खुदकन हसली.

"ऐकलंत? उभ्या जन्मात मला असं म्हटलं नाही आमच्या ह्यांनी! आणि काल तुमचं गाणं ऐकून आले ते तोंडात घास न घालता झोपले. म्हटलं, एवढं बिनसलं तरी काय?"

"तू गप्प बैस गं."

झेलिंदाचं हसू विरलं. बाईंनी तराजूकडे पाहिलं. नेहमीच्या कापांवर ओरेस्तेनं आणखी तीन-चार काप ठेवले होते, आजारी माणसाच्या ताटात वाढावेत तसे. बाईंना फार वाईट वाटलं. इथं रडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी हातमोजे पुन्हा चढवायला घेतले, एकेक बोट नीट बसवत.

"ते जास्तीचे काढा," त्या म्हणाल्या. "मला नेहमीइतकेच लागतात."

ओरेस्तेनं काप उचलले. त्याचे कान लाल झाले होते.

"पुढच्या हिवाळ्यात वर तुमच्या शेजारी जागा मिळेल?"

आता कुठं त्यानं मान वर केली.

"बाकडी कडक आहेत तिथली."

"असू देत."

"आणि उगाच टाळ्या वाजवायच्या नाहीत. गाणारी ओळखीतली असली तरी."

"हे मला शिकवता होय?" बाई म्हणाल्या. "झेलिंदा, जरा फोन करू का? थिएटरला कळवायचंय."

झेलिंदानं फोन पुढे सरकवला. बाईंनी नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजू लागली, कुणी उचलेना. बाईंनी रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला.

"ओरेस्ते, आता तरी खरं सांगा. किती उतरला होता?"

ओरेस्तेनं एप्रनला हात पुसले.

"पुष्कळ, बाई," तो म्हणाला.