राहिलेलं तिसऱ्यांदा

कोळवडीच्या बौद्ध लेण्यात प्रतिध्वनी उशिरा येतो. आज आत बोललेलं पस्तीस-चाळीस वर्षांनी, त्याच तिथीला परत ऐकू येतं, आणि गावात कुणालाच त्याचं नवल नाही. नळाला पाणी यायची वाट बघावी तशी माणसं खांबांना टेकून बसतात, डबे सोडून जेवतात, आणि आपल्या माणसाचा आवाज आला की डोळे पुसून घरी जातात.

विशाखाला आईचा आवाज ऐकायचा होता. बस्स, एवढंच. ती तान्ही असतानाच शेवंताबाई गेल्या. मागे एक फोटो उरला, आणि फोटो कसला बोलतोय! बाळाला घेऊन त्या एकदाच इथं आल्या होत्या, बुद्धपौर्णिमेला. सोबत पारूमावशी होती. म्हणून आजच्या पौर्णिमेला विशाखानं मावशीला, तिच्या गुडघ्यांची रड ऐकत का होईना, डोंगर चढवून आणलं.

पांढऱ्या साड्या नेसून दोघी स्तूपापुढं बसल्या. मेणबत्ती लावली. दारातलं ऊन स्तूपापर्यंत पोचलं आणि आतून एका तरुण बाईचा आवाज आला, किंचित घोगरा. त्रिशरण म्हणत होता, बुद्धं सरणं, तीनदा म्हणायचं असतं ते.

"हीच," मावशी म्हणाली. "हीच बघ तुझी आई."

विशाखाच्या अंगावर सरसरून काटा आला. अगं बाई, हा तर तिचा स्वतःचाच आवाज, सर्दी झाल्यावरचा! पहिल्यांदा म्हणून झालं तसे दोन्हीकडचे दगडी खांब पाऊलभर आत सरकले. आवाज निघून गेला की तेवढी जागा डोंगर भरून काढतो. बाकीची माणसं सवयीनं डबे उचलून बाहेर गेली.

"दुतियम्पि," आवाज म्हणाला, आणि दुसऱ्यांदाही म्हणून झालं. आता खांब खांद्यांना लागत होते. तोच आवाज थांबला, आणि एक बाळ टाहो फोडून रडायला लागलं.

"हे कोण?"

"तू. भुकेनं जीव चालला होता तुझा. तिसऱ्यांदा म्हणायचं टाकून तुला घेऊन बाहेर पळाली बिचारी."

"आले गं माझी बाय, आले," स्तूपातून आवाज आला. विशाखा ढसाढसा रडली. असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

आईचा आवाज गेला तरी दगडातलं बाळ रडतच होतं. खांब थांबले होते.

"ततियम्पि म्हण," मावशी म्हणाली. "तिचं तेवढं राहिलंय."

"पुरं झालं तर लेणं तिचा आवाज पुन्हा ऐकवणार नाही, मावशी."

"नाही ऐकवणार."

"आणि अर्धंच ठेवलं तर?"

"तर दर बुद्धपौर्णिमेला ऐकू येईल. दर पौर्णिमेला अर्ध्यावरून उठून पळेल. तुझ्यापायी."

विशाखानं मेणबत्तीची वात सारखी केली. तिला आई हवी होती, दर वर्षी हवी होती, कुणी लोभी म्हटलं तरी चालेल. पण ते रडणं ऐकवेना. तिनं हात जोडले.

"ततियम्पि," ती म्हणाली.

दगडातलं बाळ एकदम गप्प झालं. मग शेवंताबाईंचा आवाज आला, अगदी कानाशी, विशाखाचं ऐकून विचारल्यासारखा.

"कोण आहे गं तिथं?"